देवगडकडची विज्ञान-धर्म बैठक : जावं, ऐकावं, आणि विचारायचं ते विचारावं

देवगड तालुक्यात, विजयदुर्गच्या बाजूला, महिन्यातून एकदा एक बैठक भरते. विषय विज्ञान आणि धर्म. नोंदणी नाही, पाटी नाही, वर्गणी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरतो आणि माणसं येतात. एरवी शाळेच्या हॉलमध्ये, पावसात देवळाच्या सभामंडपात, आंब्याचा हंगाम संपला की कुणाच्या तरी पॅकिंगच्या शेडमध्ये. चाळीस-पन्नास माणसं सहज असतात. होडी चालवणारे तांडेल, देवळाचे गुरव, कॉलेजचे सर, मशिदीतले मौलवी, बागायतदार, आशाताई, बारावीची मुलं. मालवणकडच्या एक सिस्टर, चर्चच्या, अधूनमधून येतात. या बैठकीबद्दल आमच्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक, हे सगळे नास्तिक आहेत. दुसरं, हे विज्ञानाच्या नावाखाली देवधर्म वाढवतात. दोन्ही मतं न जाता बनवलेली आहेत, म्हणून नीट लिहायचं ठरवलं.

मी सरकारी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. घरी देव्हारा आहे, तिन्हीसांजेला दिवा लागतो, गणपती पाच दिवसांचा. मला दोन्हीकडचं कळतं असं म्हणणार नाही, पण मला दोन्हीकडचं लागतं.

बैठकीचे नियम दोनच आहेत आणि ते कडक पाळतात. समोरच्याचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते आपल्या तोंडाने मांडायचं, आणि तो ‘होय, माझं म्हणणं हेच’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. आमचे सर गुरवांच्या कौलाबद्दल बोलायला उभे राहिले तेव्हा तीनदा मांडूनही गुरवांनी मान हलवली नाही. चौथ्यांदा सरांना उमगलं की कौल लावणारा माणूस प्रत्येक वेळी पुढे काय होणार हे विचारत नसतो. पुष्कळदा घरात जो निर्णय कुणालाच घेववत नाही, तो देवापुढे ठेवून चारचौघांच्या साक्षीने घेतला जातो. यानंतर सरांचा आक्षेप संपला नाही, पण बदलला, आणि जास्त नेमका झाला. दुसरा नियम, विषय इथला हवा. देव आहे की नाही यावर तिथे चर्चा होत नाही, आणि मला ते पटतं. ज्यावर उद्या सकाळी कुणाला तरी काहीतरी करायचं आहे, अशाच विषयावर माणसं खरं बोलतात.

नव्या माणसाने आधी भरती-ओहोटीसारख्या विषयाला जावं. तशी बैठक दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आसपास असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मग दर्याला नारळ, मग होड्या पाण्यात, असा तो काळ. एका म्हाताऱ्या तांडेलांनी पंचांग मांडीवर घेऊन हिशेब सांगितला. तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. सरांनी फळ्यावर चंद्र काढला. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत साडेएकोणतीस दिवस, त्याचे तीस भाग म्हणजे तिथ्या. तेवढ्या काळात चंद्राची माथ्यावर येण्याची वेळ सरकत सरकत पूर्ण चोवीस तास फिरून येते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. तांडेलांची पाऊणपट म्हणजे ४५. तिथीला तीन मिनिटांची तूट, पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची. सरांना वाटलं चूक सापडली. तांडेल म्हणाले, “पुनवेक बारा, ह्यो हिशोब मुंबयचो. आमच्याकडे पाणी आदीच चढता.” आणि ते बरोबर निघालं. भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे चढते, म्हणून देवगडला ती मुंबईच्या आधी पोहोचते. सरांनी मोबाइलवर भरतीचं सरकारी वेळापत्रक काढून सगळ्यांना दाखवलं. उधाण अमावास्या-पौर्णिमेलाच का, भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढउताराची भरती, अष्टमीलाच का, हे मग दोघांनी मिळून समजावलं, एकाने सूर्य-चंद्र काढून आणि दुसऱ्याने आपल्या बंदरातल्या खुणा सांगून. ज्या तिथीवर घरातल्या बाईचा एकादशीचा उपास ठरतो, तिच्यावरच पोराची होडी सुटते, हे मला इतकी वर्षं समुद्राकाठी राहून त्या दिवशी डोळ्यांसमोर आलं.

पण मी ही बैठक कुणालाही सांगते ती सर्पदंशाच्या चर्चेमुळे. त्या दिवशी मी स्वतः बोलले.

आमच्याकडे फुरसं फार. कातळावर, गडग्याच्या दगडांत, कलमांखालच्या पालापाचोळ्यात. वीतभर साप, पण त्याचं विष रक्त गोठू देत नाही. नोकरीत मी पाहिलेलं साधारण असं असायचं. संध्याकाळी चावलं, आधी उतरवणाऱ्याकडे नेलं, मग देवळात, आणि रात्री उशिरा आमच्याकडे. तोवर हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त. नातेवाईक वाईट नसायचे. सगळे धावपळ करूनच आलेले असायचे, फक्त धावण्याचा क्रम उलटा. अशी एक तरणी बाई माझ्या हातात गेली. तिचं मूल अंगावर पीत होतं. आम्ही डोस दिला, वरच्या रुग्णालयात पाठवायला गाडी बोलावली, पण वेळ उरली नव्हती.

त्या बैठकीला मी काचेची कोरडी, स्वच्छ नळी घेऊन गेले. गुरवांच्या मुलाने हात पुढे केला आणि आलेल्या डॉक्टरांनी त्याचं दोन मिली रक्त काढून नळीत घेतलं. नळी वीस मिनिटं न हलवता उभी ठेवली, नंतर एकदाच आडवी केली. रक्त गोठलेलं, हलेना. फुरशाचं किंवा घोणशीचं विष भिनलेल्या माणसाचं रक्त या परीक्षेत पाण्यासारखं वाहतं आणि मग विषावरची लस सुरू करायची हे कळतं. कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येते अशी ही परीक्षा. नळी हातोहात फिरली. मोठी यंत्रं दाखवून जे झालं नसतं ते त्या नळीने झालं, लोक पुढे सरकून बसले.

मग गुरव उठले. म्हणाले, “सिस्टर, तुमचा खरा. पण माझ्या आज्यान उतरवलेली माणसा जगली, ती कशी?” हा प्रश्न त्यांनी वाद म्हणून विचारला नव्हता, आपल्या आजोबांसाठी विचारला होता. कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं की चावणारे बरेच साप बिनविषारी असतात, धामण, दिवड, नानेटी. विषारी सापसुद्धा कधी नुसता चावतो, विष सोडत नाही. ती माणसं जगणारच होती. आजोबांनी त्यांची भीती घालवली, रात्रभर जागून जवळ बसले, हे खोटं नाही. पण फुरशाचं विष एकदा भिनलं की ते मंत्राने उतरत नाही. त्याला घोड्याच्या रक्तापासून बनवलेली लसच लागते. लसीचंही त्यांनी लपवलं नाही. तिची काहींना रिअ‍ॅक्शन येते. शिवाय तिच्यासाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या सापांचं असतं, आणि प्रांताप्रांतात विष थोडं बदलतं, यावर संशोधक अजून काम करत आहेत. हे डॉक्टरांच्या तोंडून आल्यावर सभेतला ताण उतरला. आपलं कमी आहे ते आधी सांगणाऱ्या माणसावर लोक विश्वास ठेवतात, हे मी तिथे शिकले.

विंचवाची गोष्ट तर आपल्या कोकणातलीच. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः लहान मुलं, फुप्फुसात पाणी भरून मरताना पाहिली. खाटेशेजारी बसून त्यांनी नोंदी केल्या आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध त्यावर वापरून दाखवलं. शंभरात चाळीसच्या घरातले मृत्यू एकावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मी हे सांगितलं तेव्हा मागून एक म्हातारी म्हणाली, “तो देवमाणूस.” सरांनी लगेच खुलासा करायला तोंड उघडलं आणि मी त्यांना डोळ्यांनीच थांबवलं. तिचं म्हणणं तिच्या जागी बरोबर होतं.

एका वकिलांनी २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची माहिती दिली. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं गुन्हा आहे. ते आवश्यकच आहे. नरेंद्र दाभोलकरांनी त्या कायद्यासाठी आयुष्य घातलं, आणि त्यांच्या खुनानंतर तो आला, हे कुणी विसरू नये. तरी मी अनुभवाने सांगते, आमच्या वाडीत बदल झाला तो गुरवांच्या शब्दाने. त्यांनी उभं राहून सांगितलं, “गाराणा मी घालतलंय. पण गाडी आदी बोलवा. देव खंय जाणा नाय, माणूस जाता.” आता देवळाच्या खांबावर पाटी आहे, चावल्यास आधी १०८, मग गाऱ्हाणं. ती पाटी देवस्थानच्या खर्चाने लागली. गेल्या पावसात एका पोराला गुरवांनीच आपल्या मोटरसायकलवर मधे बसवून रुग्णालयात आणलं. ते बरं झालं. संवाद म्हणजे नुसती बडबड, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या पोराच्या आईला भेटावं.

सगळंच असं उतरत नाही. एकदा बाहेरून एका वक्त्यांना बोलावलं होतं. विमानापासून अणूपर्यंत सगळं आपल्या ग्रंथांत आधीच होतं, असं ते तासभर सांगत राहिले. आमच्या बी.एस्सी.च्या एका मुलीने नम्रपणे विचारलं, प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या त्या विमानविद्येच्या पोथीची बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच तपासणी केली. ती विसाव्या शतकातली निघाली आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत असं त्यांनी दाखवलं, त्याचं काय? उत्तर आलं नाही, आवाज मात्र वाढला. मालवणच्या सिस्टरांनी मग एक गोष्ट सांगितली. विश्व एका अतिघन बिंदूपासून प्रसरण पावत आलं ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्या सिद्धान्तात सृष्टीच्या निर्मितीचा दाखला पाहिला, तेव्हा लमेत्रच अस्वस्थ झाले. उद्या सिद्धान्त बदलला तर श्रद्धेने काय करायचं? सिस्टर म्हणाल्या, देवाला आमच्या प्रमाणपत्राची गरज नाही, आणि विज्ञानालाही. वक्ते चहा न घेता गेले. पुढे एकदा दुसऱ्या टोकाचे पाहुणे आले आणि पहिल्याच वाक्यात गुरवांच्या पागोट्यावर बोलले. तीही बैठक वायाच गेली. संयोजकांनी बाहेरचे वक्ते बोलावणं कमी करावं. आपल्याकडे बोलणारी माणसं भरपूर आहेत.

ऑगस्टातल्या हेलियमच्या बैठकीबद्दल लिहायलाच हवं, कारण तिच्यात मीही हलले. आमच्याकडे शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत असतं की हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला. १८ ऑगस्ट १८६८, खग्रास ग्रहण, किल्ल्यावरचे साहेबाच्या नावाचे ओटे, त्यावर दुर्बीण लावून बसलेले इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेब. दर वर्षी तो दिवस साजरा होतो. सरांनी सगळे कागद समोर ठेवले. ग्रहण खरं, सावलीची वाटही इथूनच. पण त्या दिवशी लॉकियर इंग्लंडात होते. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ पॉगसन मछलीपट्टणला. लॉकियर यांना सूर्याच्या कडेच्या प्रकाशातली, ज्यावरून पुढे हेलियम ओळखला गेला ती पिवळी रेघ त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, इंग्लंडातून दिसली. ते भारतात आले ते डिसेंबर १८७१ च्या ग्रहणाला, आणि तेही केरळात बेकलला. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झींच्या प्रयोगशाळेत.

एक निवृत्त मुख्याध्यापक उभे राहिले. चेहरा उतरलेला. म्हणाले, मी तीस वर्षं पोरांना हे शिकवलं, आता आमच्या किल्ल्याचं राहिलं काय? सभेत तीच शांतता पसरली जी देवाबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं की पसरते. विज्ञानाच्या गोष्टीवरही आपली श्रद्धा बसते, आणि ती हलली की तेवढंच दुखतं, हे त्या दिवशी सगळ्यांना एकदम दिसलं. त्यांचं सांत्वन केलं ते गुरवांनी. “मास्तर, सावली तर हयसूनच गेली ना?” मास्तर थोड्या वेळाने बसले. पुढच्या बैठकीला ते स्वतः त्या सावलीच्या वाटेचा नकाशा काढून घेऊन आले.

देवरहाटीच्या, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या राईच्या, बैठकीचा निकाल अजून लागलेला नाही. देवळाचा जीर्णोद्धार करायचा, स्लॅब घालायचा, पैसे हवेत, म्हणून राईतली जुनी झाडं विकावीत असा प्रस्ताव होता. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा जो अभ्यास केला तो एका वनस्पतीशास्त्राच्या बाईंनी सांगितला. दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याला देवाच्या राईत मायरिस्टिकाची, म्हणजे रानजायफळाच्या जातीच्या झाडांची, दुर्मीळ दलदल टिकली आहे, ती देवाच्या धाकाने टिकली. वनखात्याचं कुंपण तिथे नव्हतं. मानकऱ्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं, गळणाऱ्या देवळात पूजा कशी करायची? झाडं सध्या उभी आहेत. देणग्या गोळा करणं चालू आहे. मौलवींनी चंद्रदर्शनावर सांगितलं तेही ऐकण्यासारखं होतं. गणिताने चंद्र क्षितिजावर किती वेळ राहणार ते कळतं, पण डोळ्यांना दिसलाच पाहिजे हा आग्रह का, आणि त्यावर त्यांच्यातही किती मतं आहेत, हे त्यांनी मोकळेपणी सांगितलं. त्या दिवशी वेळ फार कमी मिळाला. तो विषय पुन्हा घ्यावा.

आता माझी तक्रार. विटाळाचा विषय मी पुन्हा पुन्हा सुचवला. पाळी म्हणजे काय हे मला शास्त्राने माहीत आहे, आणि बाजूला बसायला लावलेल्या मुलीला कसं वाटतं हे मला शास्त्राशिवाय माहीत आहे. सणाच्या दिवसांत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागायला कोवळ्या मुली आमच्याकडे यायच्या, डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून आणायच्या. इथे उद्या सकाळी कुणाला तरी काहीतरी करायचं आहे, हे आणखी कसं सिद्ध करू? दर वेळी ‘अजून वातावरण तयार नाही’ असं उत्तर मिळतं. सापाच्या बाबतीत वातावरण तयार होतं का? गुरवांशी मी घरी जाऊन बोलले. ते गप्प राहिले, पण त्यांच्या सूनबाई दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, ताई, विषय सोडू नका. मी सोडणार नाही. लेखी दिला आहे.

वेळही बायकांच्या सोयीची नाही. रविवारी चार वाजता मासे विकणाऱ्या बाया अजून बाजारात असतात आणि बाकीच्यांच्या चुली पेटायच्या असतात. सकाळी दहाला ठेवली तर निम्मी सभा बायकांची होईल. सर प्रस्तावनेला अर्धा तास घेतात. विज्ञान आणि धर्म यांच्यातल्या नात्याच्या इयन बार्बर यांनी मांडलेल्या चार तऱ्हा, संघर्ष, स्वतंत्र वाटा, संवाद, मिलाफ, या एकदा ऐकायला चांगल्या आहेत, प्रत्येक बैठकीत नकोत. आणि काय ठरलं याची वही कुणी ठेवत नाही. बारावीच्या मुलांना ते काम द्यावं.

पाचपैकी मी चार देते, आणि ते मनापासून.

जायचं असेल तर देवगडहून विजयदुर्गची एसटी पकडा आणि परतीची शेवटची गाडी आधी विचारून ठेवा, कारण चर्चा रंगली की सात वाजतात. पैसे लागत नाहीत. चहा आणि घावणे असतात, कोकमाचं सरबत उन्हाळ्यात. प्रश्न घेऊन जा, शक्यतो आपल्या घरातला. मुलं न्या, कंटाळत नाहीत. बायकांनी दोघी-तिघी मिळून जा आणि पुढे बसा, माईक नाही आणि मागून विचारलेलं पुढे ऐकू येत नाही.